अ‍ॅरे_यूडिफला ट्रू-फॉल्स चालत नाही

प्रिय दोस्त,

तुझा कोड बघितला. नव्या यादीतले कोणते ग्राहक जुन्या यादीत नाहीत, एवढंच शोधायचंय आणि तरी निकालात कधी नोंदी गायब, कधी भलत्याच हजर. पीएचपी या भाषेतच बग आहे का, असं विचारलंयस. नाही. घोळ तुझ्या कंपॅरिझन फंक्शनमध्ये, म्हणजे दोन नोंदी ताडणाऱ्या फंक्शनमध्ये आहे.

साध्या अ‍ॅरे_डिफने भागणार नाही, हे बरोबर ओळखलंस. ते दोन याद्यांतला फरक काढताना प्रत्येक व्हॅल्यूची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करून ताडतं. आतला प्रत्येक घटक स्वतःच अ‍ॅरे असेल, तर प्रत्येकाची तीच एक स्ट्रिंग होते, वॉर्निंग येते आणि फरक निघतो शून्य. म्हणून अ‍ॅरे_यूडिफ घेतलंस, ज्याला ताडायचं फंक्शन आपण द्यायचं असतं, ठीकच. पण तुझं फंक्शन आयडी जुळले की ट्रू देतं, नाही जुळले की फॉल्स. ट्रू म्हणजे १, फॉल्स म्हणजे ०, आणि इथे ० चा अर्थ ‘सारखे’! जावास्क्रिप्टमध्ये लोडॅश लायब्ररीचं डिफरन्सविथ ट्रू-फॉल्सच मागतं, तिथली सवय इथे आली असावी.

आता लगेच ट्रू-फॉल्सची अदलाबदल करायला जाशील. थांब. सारखे असले की ०, नसले की १, हे चार-पाच नोंदींवर कदाचित बिनबोभाट चालेल आणि खरा धोका तोच आहे. यूडिफ आधी याद्या तुझ्याच फंक्शनने सॉर्ट करतं आणि मग त्या क्रमाच्या भरवशावर पुढे सरकतं. सॉर्टिंगला ‘सारखे का?’ एवढं उत्तर पुरत नाही, आधी कोण हेही लागतं: पहिला लहान असेल तर ऋण संख्या, मोठा असेल तर धन, सारखे असतील तर शून्य. नुसते ० आणि १ दिले, तर ५ हा ९ पेक्षा मोठा आणि ९ हा ५ पेक्षा मोठा, अशी दोन्ही उत्तरं एकाच फंक्शनकडून मिळतात. क्रम विस्कटतो आणि जुळणाऱ्या नोंदी एकमेकींना भेटतच नाहीत.

फंक्शनच्या पहिल्या ओळीत दोन्ही आयडी छापून बघ. नव्या यादीतल्याच दोन नोंदी एकमेकींशी ताडल्या जाताना दिसतील. त्यामुळे पॅरामीटरना ‘नवा’ आणि ‘जुना’ ही जी नावं दिली आहेस, ती दिशाभूल करतात. जुन्या यादीत फील्डचं नाव वेगळं असेल, तर दोन्ही याद्या आधी एका साच्यात आण. फंक्शनच्या आत ती कसरत नको.

दुरुस्ती एका ओळीची आहे. पीएचपी ७ पासून <=> हा तुलनेचा ऑपरेटर मिळतो, पूर्णांक आयडींवर तोच लाव. मात्र आयडी स्ट्रिंग असतील तर जपून: ‘००७’ आणि ‘७’ हे त्याला सारखेच वाटतात, कारण अंकांच्या स्ट्रिंग तो संख्या म्हणून ताडतो. तिथे स्ट्रिंग म्हणूनच ताडणारं स्ट्रकंप वापर. आणि पहिल्यातून दुसरा वजा करून तेच उत्तर द्यायचा शॉर्टकट दशांशांवर मारू नकोस. १०.४ वजा १० म्हणजे ०.४, त्याचा पूर्णांक होतो ०, की झाले दोघे सारखे.

तू पुढे विचारलंयस की ०.५ पर्यंतचा फरक ‘सारखा’ धरला तर? यूडिफमध्ये धरू नकोस. १० आणि १०.४ सारखे, १०.४ आणि १०.८ सारखे, पण १० आणि १०.८ वेगळे. अशा नात्यावर कुठलाच क्रम लागत नाही. जावा ७ पासून तिथलं सॉर्टिंग असा घोटाळा पकडलाच तर एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना, फेकतं. पीएचपी गुपचूप चुकीचं उत्तर देतं. मला विचारशील तर फेकलेलं एक्सेप्शन परवडलं. जवळपासचे आकडे जुळवायचेच असतील तर सरळ दोन लूप लिही, आतमध्ये ट्रू-फॉल्स खुशाल वापर. हजारो नोंदींवर ते रेंगाळेल, पण उत्तर बरोबर येईल.

खरं तर तुझ्या कामाला यूडिफही लागत नाही. अ‍ॅरे_कॉलमने दोन्ही याद्यांत आयडी हीच की करून घे आणि अ‍ॅरे_डिफ_की चालव, ते फक्त की ताडतं. कंपॅरिझन फंक्शन नाही, सॉर्टिंग नाही, मोठ्या यादीवर वेगही चांगला. यूडिफ राखून ठेव दोन-तीन फील्ड मिळून ओळख ठरते अशा वेळेसाठी: आधी शहर ताड, ते सारखं निघालं तरच नाव.

हा फरक एकतर्फी असतो, हे लक्षात असेलच. काढून टाकलेले ग्राहक हवे असतील तर याद्यांची अदलाबदल करून पुन्हा चालव. आणि निकालात मूळ की तशाच राहतात, मध्ये गाळलेल्या जागांसकट. तो निकाल थेट जेसन या डेटा पाठवायच्या फॉरमॅटमध्ये करून पाठवलास तर पलीकडे यादीऐवजी ऑब्जेक्ट पोचतो. पाठवण्याआधी अ‍ॅरे_व्हॅल्यूजमधून काढ, म्हणजे की पुन्हा ० पासून ओळीने लागतील.