तबकडी आली कुठून?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री खाडीवरून सरकत जाणाऱ्या दिव्यांच्या माळेचा व्हिडिओ आला. त्याखाली एका काकांनी लिहिलं, 'हा घ्या उडत्या तबकडीचा पुरावा!' ताईंचा प्रश्न असा की इथे 'पुरावा' बरोबर की 'साक्ष'?

दोन्ही नाही. काकांनी केला तो दावा. शब्द अरबी, आपल्याकडे कोर्टकचेरीच्या वाटेने रुळलेला, त्यावर फार थांबायला नको. साक्ष म्हणजे स + अक्ष, डोळ्यांसकट. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो साक्षी. ऐकीव गोष्टीला साक्ष म्हणणं मला खटकतं आणि हल्ली ते फार कानावर येतं. २६ जुलै २०२३ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे डेव्हिड ग्रश या माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की सरकारजवळ माणसांनी न बनवलेली यानं आणि 'मानवेतर' अवशेष आहेत. अवशेष आपण स्वतः पाहिलेले नाहीत, हेही त्याने तिथेच सांगून टाकलं. म्हणजे अक्ष दुसऱ्याचे आणि साक्ष याची! कायद्याला चालत असेल, व्युत्पत्तीला चालत नाही.

पण ताई, तुमच्या वाक्यातला खरा रत्नासारखा शब्द तुम्ही विचारलाच नाहीत. तबकडी.

२४ जून १९४७. केनेथ अर्नोल्ड नावाचा हौशी वैमानिक अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरजवळून चालला होता. त्याला वेगाने जाणाऱ्या नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. त्या कशा जात होत्या, तर बशी पाण्यावर तिरकी भिरकावली की टप्पे घेत जाते तशा. आपण तलावात चपटी ठिकरी फेकतो ना, तेच. उपमा चालीची होती. वर्तमानपत्रांनी ती आकाराला चिकटवली आणि इंग्रजीत 'उडती बशी' जन्माला आली. लष्कराला अर्नोल्डने जे चित्र काढून दिलं, त्यातली वस्तू पुढून गोलसर आणि मागे निमुळती आहे. ही कसली बशी? पुढे मात्र जगभर लोकांना गोल बशाच दिसू लागल्या. आता मला सांगा, लांबून आलेल्या त्या पाहुण्यांनी आपला पेपर वाचून यानं गोल करून घेतली की काय?

ही बशी मराठीत येताना तबकडी झाली. हिंदीवाल्यांनी 'उड़न तश्तरी' केली, ते त्यांच्यापाशी. एका शुद्धिप्रेमी सद्‌गृहस्थांचा मला दरवेळी आग्रह असतो की मूळ शब्द बशीचा, तर 'उडती बशी'च म्हणा, तबक फारसीतून आलेलं परकं. अहो, बशीत चहा ओततात. कडा वर असलेली, घरगुती वस्तू ती. तिची कोणाला भीती वाटणार? माझं मत असं की १९४७ च्या मराठी माणसाच्या कानात तबकडी आधीच फिरत होती, ग्रामोफोनची. चपटी, गोल, काळी, गरागरा फिरणारी. घड्याळाच्या चंद्यालाही आपण तबकडीच म्हणतो. फिरणं आणि गोलाई दोन्ही एका शब्दात बसलेली असताना बशी कोण उचलणार? याला माझ्याकडे कागद नाही, हे कबूल. पण पटतं की नाही?

आणि गंमत पुढेच आहे. तबक हा शब्द मूळ अरबी. ताट, परात हा एक अर्थ. दुसरा अर्थ थर, मजला. कुराणात सात आकाशं 'तिबाक' म्हटली आहेत, एकावर एक थर रचलेली. उर्दूत 'चौदह तबक़' म्हणजे सात आकाशं आणि सात पृथ्वी. म्हणजे बघा, ज्या शब्दाला एकेकाळी आभाळाचे मजले मोजायचं काम होतं, तो आपल्याकडे येऊन विड्याची पानं, हळदीकुंकू आणि निरांजन वाहू लागला, मागे लहानपणा दाखवणारा 'डी' लावून घड्याळात शिरला आणि १९४७ नंतर पुन्हा आभाळात गेला. परग्रहावरून कोणी आलं असेल-नसेल, हा शब्द मात्र घरी परतला. नौपाड्यातल्या माझ्या मित्रमंडळींना मी हे इतक्यांदा ऐकवलंय की तबक म्हटलं की ते चपला शोधतात.

हां, पुरावा राहिला. एका व्याख्यानात मी वक्त्यांच्या तोंडून ऐकलं की जमिनीत पुरलेलं उकरून काढतात म्हणून पुरावा. टाळ्याही पडल्या. साफ चूक! हे पुरणे गाडण्याचं नव्हे, भागण्याचं. पैसे पुरतात, पोळ्या पुरतात, त्यातलं. पुरवठा, पुरवणी, पाठपुरावा ही त्याचीच भावंडं. जो पुरतो तो पुरावा, कमी पडला की तो पुरावाच नव्हे. अमेरिकी हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पात १९६९ पर्यंत आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या १२,६१८ नोंदी जमल्या, त्यातल्या ७०१ प्रकरणांची ओळख पटली नाही. तबकडीवाले या ७०१ वर नाचतात. ठाणे स्टेशनात बाकाखाली बेवारस बॅग सापडली तर ती मंगळावरून आली असं कोणी म्हणतं का? ओळख पटली नाही म्हणजे पटली नाही, एवढंच. २०२३ मध्ये नासाच्या अभ्यासगटालाही परग्रहाकडे बोट दाखवणारं काही मिळालं नाही आणि त्यांनी मागणी केली ती चांगल्या मोजमापांची. पुरण्याइतकं हवं, दुसरं काय!

ताई, तुमच्या खाडीवरची ती माळ बहुधा नुकत्याच सोडलेल्या इंटरनेट-उपग्रहांची असावी. ते सुरुवातीला एका ओळीत चालतात आणि पृथ्वीच्या सावलीत शिरले की पटकन विझल्यासारखे दिसतात. वेळ आणि दिशा टिपलीत तर ताडूनही पाहता येईल. आणि काकांना शब्दच सुचवायचा असेल तर पुरणेवरून जसा पुरावा, तसा देखणेवरून देखावा आहे. 'तबकडीचा देखावा' लिहा म्हणावं. गणपतीला अवकाश आहे अजून, पण चालेल.