ब्रुनोने खार मारली, आता मुलीचं काय?

पाळलेल्या कुत्र्याने खार मारली, कबुतर धरलं किंवा मांजराचं पिल्लू तोंडात धरून झटकलं, की पुढच्या काही दिवसांत घरातल्या कुणाला तरी एकच प्रश्न छळायला लागतो : आज हे केलं, उद्या आपल्या लेकराला करेल का? हा प्रश्न पशुवैद्याकडे जातो, तसा अधूनमधून माझ्याकडेही येतो. मी माणसांची समुपदेशक, कुत्र्यांची नाही. पण घरात भीती शिरली की ती शेवटी माणसाच्याच झोपेवर येते. इथे सांगते आहे ती केस अशाच एका आईची. तिच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

घरात नवरा-बायको, सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा ब्रुनो. मिश्र जातीचा, मध्यम चणीचा. पिल्लू असल्यापासून घरात वाढलेला आणि मुलीच्या खोलीत झोपणारा. एका सकाळी ही बाई मागच्या बागेत कपडे वाळत घालत होती. भिंतीवरून खार खाली उतरली. ब्रुनो थिजला. मान खांद्यांच्या रेषेत खाली, एक पाय अर्धवट उचललेला, नजर हललीच नाही. मग दोन-तीन हळू पावलं, एकदम झेप आणि मानेचे दोन जोरदार झटके. तिच्या हातातली चादर दोरीवर पडायच्या आत सगळं आटोपलं होतं.

‘‘तो भुंकलासुद्धा नाही, मॅडम,’’ ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. ‘‘गुरगुरला नाही, काही नाही. आणि नंतर शेपटी हलवत माझ्याकडे आला. तोंडाला रक्त आणि शेपटी हलवतोय!’’

खार मेल्याचं दुःख तिला होतंच. तिची झोप उडाली होती ती मात्र या शांतपणामुळे. चिडलेला कुत्रा तिला कळला असता. मजेत मारणारा कुत्रा तिला कळत नव्हता. त्या दिवसापासून तिने ब्रुनोला हात लावला नव्हता. रात्री दोनदा-तीनदा उठून मुलीच्या खोलीत डोकावत होती, मग ब्रुनोला बाहेर काढून दार लावत होती, मग तो दाराशी कुईकुई करायला लागला की रडत होती. डोळ्यांपुढे तेच दृश्य यायचं, फक्त खारीच्या जागी मुलगी असायची. हे शेवटचं वाक्य तिने खाली बघत, अगदी हळू सांगितलं. असं चित्र मनात येणं म्हणजे आपण आई म्हणून वाईट आहोत, असं तिला वाटत होतं.

घरच्यांची मदत होती, पण उलटी. सासूबाईंचं ठाम मत : रक्ताची चटक लागली, आता हा घरात नको. नवरा हसण्यावारी न्यायचा : कुत्रा आहे तो, खार धरणारच. शेजारच्यांचा सल्ला : मेलेली खार नाकासमोर धरा आणि दोन फटके द्या, पुन्हा करणार नाही.

अशा वेळी मी आधी एक गोष्ट तपासते. कधीकधी कुत्रा निमित्त असतो आणि भीती दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या प्रसंगाची असते. इथे तसं काही नव्हतं. प्रत्येक भीतीच्या मुळाशी बालपण खणायची हौस आमच्या पेशाला असते खरी, पण या बाईला जे पाहिलं त्याचीच भीती वाटत होती आणि तिला हवी होती ती नीट माहिती. माहिती देणं हेही समुपदेशनच.

मग ब्रुनोबद्दल विचारलं. माणसांवर कधी गुरगुरला आहे? ताटलीजवळ गेलं तर अंग ताठ करतो? मुलगी पळते, किंचाळते, सायकल चालवते तेव्हा काय करतो? तिच्याकडे कधी खारीकडे बघतो तसं टक लावून, दबकत बघितलं आहे का? शेवटच्या प्रश्नावर ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ‘‘नाही. ती पळाली की हा भुंकतो, भोवती उड्या मारतो, पुढचे पाय टेकून मागचं अंग वर करतो.’’ ते खेळायचं बोलावणं. कुत्र्यांशी थोडाफार संबंध आलेल्या कुणालाही ओळखता येतं.

त्यानंतर मी तिला शिकार आणि राग या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या, कारण तिच्या मनात त्यांची गाठ बसली होती. १९६२ साली वॉसमन आणि फ्लिन या संशोधकांनी मांजरांवर केलेले प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहेत. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात एका जागी विजेची सूक्ष्म उत्तेजना दिली की मांजर फिस्कारायचं, केस फुलवायचं, पंजे मारायचं. तिथून थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या जागी दिली की तेच मांजर गाजावाजा न करता उंदराकडे जायचं आणि चावायचं. म्हणजे राग-भीतीतून होणारा हल्ला आणि शिकार यांच्या वाटा मेंदूतच वेगळ्या. राग समोरच्याला दूर घालवायला असतो, म्हणून त्यात आवाज असतो, दात दाखवणं असतं, इशारा असतो. शिकारीत जवळ जायचं असतं, मग इशारा कशाला देईल? ब्रुनो भुंकला नाही तो म्हणूनच. शेपटी हलत होती, कारण पाठलाग करण्यातच त्याला सुख होतं. पोट भरलेलं असलं तरी ते सुख कमी होत नाही. पोटभर खाऊ घातलेले कुत्रेही खारीमागे धावतात.

‘‘पण माझा ब्रुनो काही शिकारी कुत्रा नाही,’’ ती म्हणाली.

सगळेच आहेत. नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं अशी ती साखळी असते. रेमंड कॉपिंगर या जीवशास्त्रज्ञाने हे फार छान मांडलं आहे : माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून वेगवेगळ्या जातींत या साखळीची वेगवेगळी कडी जोरदार केली आणि बाकीच्या बोथट केल्या. बॉर्डर कॉली मेंढ्यांवर नजर रोखतो, दबकतो, वळवतो. चावणं मात्र त्यात नको असतं. पॉइंटर पक्षी दिसला की थिजून उभा राहतो. रिट्रीव्हर पाडलेला पक्षी दात न लावता आणून देतो. टेरियर उंदीर-घुशी मारण्यासाठीच तयार केले, त्यांच्यात मारण्यापर्यंतची साखळी शाबूत आहे. मिश्र जातीच्या कुत्र्यात कुठली कडी किती जोरात आहे हे तो दाखवेल तेव्हाच कळतं. मी तिला विचारलं, दोरीचं खेळणं तोंडात धरून ब्रुनो मान जोरजोरात झटकतो का? झटकायचा. मुलीला त्याचं फार हसू यायचं. तोच तो झटका. खेळण्यावर गोड दिसतो आणि खारीवर बघवत नाही, पण ब्रुनो चार वर्षं तोच होता.

हे ऐकून तिला बरं वाटलं नाही. ती दचकलीच. ‘‘म्हणजे पहिल्यापासून हे त्याच्यात होतं?’’ हो, होतं. आणि हे असूनही तो चार वर्षं तिच्या मुलीच्या पायाशी झोपला होता. दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्याच्या. यातली एकच धरून ठेवायची घाई नवऱ्याला होती, दुसरी धरायची सासूबाईंना.

सासूबाईंच्या म्हणण्यात अर्धं तथ्य होतं आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं. रक्त चाखलं म्हणून कुत्रा माणसांवर उलटतो, हे खरं नाही. पण पाठलाग यशस्वी झाला की त्याची गोडी वाढते. ब्रुनो आता खारींच्या मागे जास्त जोमाने लागणार, बागेत गेला की आधी त्या भिंतीकडे बघणार. चटक लागते ती पाठलागाची आणि ज्या प्रकारचा प्राणी हाती लागला त्याची.

फटक्यांबद्दल मी जरा कडक बोलले. घडून गेल्यावर दिलेली शिक्षा कुत्र्याच्या लेखी त्या कृतीशी जोडली जात नाही, ती मारणाऱ्या माणसाशी जोडली जाते. ‘त्याला कळतं हो, बघा कसा अपराधी चेहरा करतो’ हे सगळ्यांचं लाडकं वाक्य. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा अपराधी चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे येतो असं दिसलं, कुत्र्याने चूक केली असो वा नसो. मार खाल्लेला, माणसाच्या हाताला घाबरणारा कुत्रा मात्र मुलांसाठी खरोखर धोक्याचा. मुलांना कुत्रे चावतात त्यामागे बहुतेकदा भीती, दुखणं, खाण्यावरचा हक्क किंवा झोपमोड असते.

‘‘मग धोका अजिबात नाही असं म्हणू?’’ तिने विचारलं. तसं मी म्हणणार नाही. तान्हं बाळ कुत्र्याला माणसासारखं वाटेलच असं नाही. बारीक आवाज, अचानक हलणारे हातपाय. तिथे एक क्षणही नजर हटवायची नाही, कुत्रा कितीही गुणी असो. अगदी लहानखुरा कुत्रा किंकाळत पळाला तर मोठ्या कुत्र्याचं खेळणं शिकारीत बदलू शकतं. आणि एखादा कुत्रा मुलाकडे आवाज न करता, दबकत, नजर न हलवता बघायला लागला, तर त्याच दिवशी पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ गाठायचा. ब्रुनोचं यातलं काहीच नव्हतं. तरी मी तिला पशुवैद्याकडे पाठवलं, दोन कारणांनी. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) आणि रेबीजच्या लसी, जंताचं औषध हे पाहून घ्यायला; आणि परिसरात कुणी उंदरांचं विष टाकलं असेल तर विष खाल्लेला प्राणी धरून कुत्र्यालाही विषबाधा होऊ शकते, हे विचारायला. अशा काही विषांची लक्षणं काही दिवस उलटल्यावर दिसतात.

आता तिच्या मनातल्या चित्राबद्दल. नको ते चित्र वारंवार डोळ्यांपुढे येणं ही इच्छा नसते आणि भाकीतही नसतं. ज्याची सर्वांत जास्त काळजी, त्याचंच चित्र मन काढतं. रात्री उठून डोकावलं की क्षणभर हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यापोटीच मन पुन्हा उठवतं. म्हणून आम्ही एक साधी व्यवस्था ठरवली : ब्रुनो रात्री बैठकीच्या खोलीत झोपेल. शिक्षा म्हणून नव्हे. दार बंद, प्रश्न मिटला, उठायचं कारणच नको. सात वर्षांच्या मुलाच्या खोलीत कुत्रा रात्रभर एकटा नसावा हे माझं मत तसंही होतं.

हात लावण्याची घाई केली नाही. आधी ती नुसती त्याच खोलीत बसायची. मग तळहातावरून एकेक दाणा भरवणं. पहिल्या वेळी तिचा हात थरथरत होता आणि ब्रुनो, तिच्या शब्दांत, ‘‘ओठांनीच उचलत होता, दात लागूच देत नव्हता.’’ दाताचा जोर सांभाळणं कुत्री पिल्लूपणी भावंडांबरोबर खेळताना शिकतात. तिला हे माझ्याकडून ऐकण्यापेक्षा तळहाताला कळलं हे जास्त उपयोगी पडलं.

मुलीला घरच्यांनी सांगितलं होतं की खार पळून गेली. मुलीने भिंतीपाशी डाग पाहिला होता. ती काही विचारत नव्हती, नुसती गप्प झाली होती. मी आईला म्हटलं, खरं सांगा, थोडक्यात सांगा. तिने सांगितलं. मुलीने विचारलं, ‘‘ब्रुनो वाईट आहे का?’’ आई म्हणाली, ‘‘नाही. पण खारींसाठी तो भीतीदायक आहे, म्हणून आता आपण खारींची काळजी घ्यायची.’’ मला याहून चांगलं उत्तर सुचलं नसतं. त्याबरोबर मुलीला नियमही दिले : तो खात असताना, झोपलेला असताना, तोंडात काही असताना जवळ जायचं नाही, तो फार चेकाळला तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात अंगाशी घेऊन गप्प उभं राहायचं.

ब्रुनोसाठी जे ठरलं ते वर्तनतज्ज्ञाने आखलं, मी फक्त घरच्यांकडून पाळून घेतलं. बागेत मोकळा सोडायचा नाही, लांब दोरी आणि छातीचा पट्टा. हाक मारल्यावर आला की दर वेळी आवडीचं काहीतरी. काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून रोज पाठलागाचा खेळ, पकडू द्यायचं, झटकू द्यायचं, मग ‘सोड’ म्हटल्यावर सोडायचं. गवतात दाणे विखरून नाकाने शोधायला लावायचं. जुना पुठ्ठ्याचा खोका फाडायला द्यायचा. अशा खेळांनी कुत्रा हिंस्र होईल ही सासूबाईंची शंका. रोजचा खेळ मिळाल्यावर संध्याकाळी तो शांत पडून राहतो हे पाहिल्यावर त्याच खोके जमवून ठेवायला लागल्या. खारींमागे लागायची ओढ याने जाणार नाही, हेही तज्ज्ञाने सुरुवातीलाच बजावलं होतं.

नवऱ्याला दोरी आजही पटलेली नाही. ‘‘एवढी मोठी बाग आणि कुत्रा बांधलेला,’’ हे त्याचं पालुपद चालूच आहे आणि त्यावरून दोघांत खटके उडतात. मी त्यात पडले नाही, एवढंच विचारलं की पुन्हा खार मेली तर बागेत उभं कोण असेल. दोरी राहिली.

शेवटच्या भेटीत ती नवाच प्रश्न घेऊन आली. नणंद बाळंतपणानंतर दोन महिन्यांचं बाळ घेऊन राहायला येणार होती. ब्रुनोला तेवढे दिवस बाहेर ठेवायचं का? मी म्हटलं, गरज नाही, पण मधल्या दाराला जाळीचं फाटक आधीच लावा, म्हणजे त्याची सवय बाळ यायच्या आधी होईल. बाळ आणि ब्रुनो एका खोलीत असतील तेव्हा ब्रुनो दोरीवर आणि दोरी मोठ्या माणसाच्या हातात, ते माणूस दुसरं काही करत नसलेलं. कुणाला फोन आला, कुणी दार वाजवलं तर ब्रुनो फाटकापलीकडे. तिने हे सगळं लिहून घेतलं आणि फाटकाची उंची किती असावी हे तज्ज्ञाला विचारते म्हणाली.