डीफाय (ब्लॉकचेनवरच्या वित्तसेवा) प्रोटोकॉलमध्ये बग सापडलाय, बाउंटीसाठी (बग कळवल्याच्या बक्षिसासाठी) रिपोर्ट कसा करू?

आधी बघा, तो कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा कोड) बाउंटी प्रोग्रामच्या स्कोपमध्ये, म्हणजे बक्षीस लागू असलेल्या यादीत आहे का आणि बग जुन्या ऑडिटमध्ये (कोड तपासणीत) नोंदलेला तर नाही ना. ॲडमिन-की (प्रोटोकॉल चालवणाऱ्यांची खासगी किल्ली) लागणारा ‘हल्ला’ सहसा स्कोपबाहेरच असतो.

मेननेटवर (खऱ्या पैशांच्या चालू नेटवर्कवर) काहीही करून पाहू नका. व्यवहार मेमपूलमध्ये (ब्लॉकमध्ये जाण्याआधीच्या रांगेत) दिसला की बॉट त्याची नक्कल करून पैसे उचलू शकतात, आणि इम्युनफायवर (बग बाउंटीच्या प्लॅटफॉर्मवर) बक्षीसही हातचं जातं. फाउंड्रीत (कॉन्ट्रॅक्ट तपासायच्या टूलमध्ये) ठरावीक ब्लॉकवर लोकल फोर्क, म्हणजे नेटवर्कची आपल्या मशीनवरची प्रत घ्या, टेस्टमध्ये हल्ला चालवा, आधीचं-नंतरचं बॅलन्स छापा. नुसत्या वर्णनाला कोणी विचारत नाही.

गंभीर बगला बऱ्याच ठिकाणी धोक्यातल्या रकमेच्या १०%, तेही कमाल मर्यादेपर्यंत. वर्महोलने (ब्लॉकचेन जोडणाऱ्या ब्रिजने) २०२२ मध्ये इनिशियलाइझ न केलेल्या (सुरुवातीची मांडणी राहिलेल्या) प्रॉक्सी कॉन्ट्रॅक्टच्या बगसाठी १ कोटी डॉलर दिले, पण तो अपवाद समजा.