बेचाळीस किलोमीटर आणि बाराचा पाढा

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

मॅरेथॉनचे बेचाळीस किलोमीटर एका दिवसात पायी चालायचा तुझा बेत सांगणारा मेसेज रात्री वाचला. "काकू, धावायचं कुठे आहे, नुसतं चालायचं तर आहे!" फोन केला असता, पण फोनवर तू "हो काकू, हो काकू" म्हणतोस आणि करायचं तेच करतोस. म्हणून लिहितेय.

नुसतं चालायचं आहे, हीच तर अडचण. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते आणि तिथले पहिले धावणारे सव्वादोन तासांत मोकळे होतात. तू ताशी पाच किलोमीटरने चाललास तरी साडेआठ तास. त्यात पाणी पिणं, बुटातला खडा काढणं, माकडाने ओढलेली पिशवी सोडवणं धरलं की दहा. पहाटे पाचला पाऊल टाकलंस तरी दुपारचे तीन वाजले. धावणाऱ्याला ऊन चुकवता येतं, चालणाऱ्याला नाही. आणि महिना कुठला निवडलास, तर एप्रिल.

जागा मात्र बरी निवडलीस. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीन फेऱ्यांत चाळिशी गाठते. "तोच तोच रस्ता बोअर होईल" असं तुझे मित्र म्हणतात, म्हणू देत. उन्हाळ्यात तोच रस्ता चांगला. दर फेरीला गेट येतं, गेटबाहेर रिक्षा असते, घर जवळ असतं. जंगलातून ठाण्याच्या बाजूला येऊरकडे आरपार निघायचं खूळ तू सोडलंस हे फार बरं केलंस. परवानगीचं सोड, पण मध्यावर त्रास झाला तर पुढे जायलाही तेवढंच आणि मागे फिरायलाही तेवढंच. आणि अंधारात एकटा शिरू नकोस, ते बिबट्यांचं घर आहे. सोमवारी उद्यान बंद असतं आणि आत सोडायच्या वेळा गेटवर लिहिलेल्या असतात, त्या आधी बघून ये.

जंगल आहे म्हणजे सावली असेल, या भरवशावर राहू नकोस. एप्रिलात सागाला पान नसतं. कुसुंबाची तांबडी पालवी फुटलेली असते, दिसायला सुरेख, पण तिच्याखाली माणूस बसवता येत नाही. आणि कान्हेरीचा रस्ता डांबरी. अकरानंतर खालून भाजतो.

तुझा नागपूरचा मामेभाऊ आपले मुंबईचे चौतीस डिग्री ऐकून हसेल. हसू दे त्याला. घाम नुसता आल्याने अंग थंड होत नाही, तो वाळला तर होतं. नागपूरच्या कोरड्या हवेत तो वाळतो. आपल्याकडे हवाच इतकी ओली की तो नाकाच्या शेंड्यावरून टपटपतो. टपकलेला घाम फुकट गेला: पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा काही मिळाला नाही. तरी दुपारी समुद्राकडून वारा सुटतो म्हणून आपण तगतो. मार्च-एप्रिलात एखाद्या दिवशी पूर्वेचे वारे जोरात असले की तो समुद्रवारा उशिरा येतो आणि पारा भलताच चढतो. आदल्या दिवशी हवामान खात्याने उष्णतेचा इशारा दिला असेल, तर बूट कपाटातून बाहेर काढायचेसुद्धा नाहीत. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावरचा कार्यक्रम आठव. भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी चौदा जण गेले. बसलेल्या, चालणाऱ्या नव्हे.

आता माझं सांगते. तुझ्या आईला हे माहीत नाही, तिला सांगू नकोस. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आणि काका असेच दोन फेऱ्या करायला निघालो होतो. दुसऱ्या फेरीत उतरताना माझ्या दंडावर शहारे आले. डोक्यावर ऊन, आणि मला थंडी वाजतेय. मला ते छानच वाटलं! काका म्हणाले, बस जरा. मी त्यांच्यावर खेकसले, "तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी, मला शिकवू नका." दोन मिनिटांनी पुन्हा तेच वाक्य बोलले. मग पुन्हा. काकांनी काही न बोलता मला पुलाच्या कठड्याच्या सावलीत बसवलं आणि उरलेलं सगळं पाणी डोक्यावर ओतून ओढणीने वारा घातला. मी रागाने रडत होते. अर्ध्या तासाने डोकं ठिकाणावर आलं आणि लाज वाटली. उष्माघाताचे पेशंट मी हाताळलेले आहेत. पण तापलेल्या डोक्याला आपण तापलोय हे कळत नाही, कारण ते कळायचं यंत्रच आधी बिघडतं.

म्हणून थांबायचं केव्हा, हे घरी पंख्याखाली बसून ठरवायचं, कागदावर लिहायचं आणि तो कागद सोबत्याच्या खिशात द्यायचा. शहारे, उलटी, चक्कर, न कमी होणारी डोकेदुखी, झोकांड्या, विनाकारण चिडचिड: यातलं एक जरी दिसलं तरी फेरी संपली. निकाल सोबत्याचा, तुझा नाही. बोलणं असंबद्ध झालं तर थट्टा करत बसायचं नाही. 108 ला फोन, सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, मिळाला तर बर्फ मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. गाडी येईपर्यंत गार करत राहायचं, त्या मिनिटांवर सगळं अवलंबून असतं.

तू दिवसभर एसीत बसतोस, तेव्हा अंगाला उन्हाची सवय लावावी लागेल. दहा ते चौदा दिवस लागतात. रोज तासभर, आधी सकाळी आठला, मग हळूहळू नऊ-दहाला. शरीर शिकतं: घाम लवकर फुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मधल्या काळात ताप किंवा जुलाब झाले, तर बेत पुढे ढकल.

त्याच दिवसांत एक हिशेब करून ठेव. चालण्याआधी आणि नंतर वजन कर, घामाचे कपडे काढून. समजा सातशे ग्रॅम घटलं आणि मध्ये तीनशे मिली प्यायलास, तर तुझा घाम तासाला एक लिटर. त्या बेताने पी, त्याहून जास्त नको. "पाणी पी, पाणी पी" असं सगळे सांगतात, पण घामापेक्षा जास्त साधं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही माणसाला आडवं करतं. चालून वजन वाढलं तर ते धोक्याचं लक्षण.

ओआरएसचं लिटरवालं पाकीट लिटरभर पाण्यातच घालायचं. ग्लासात अर्धं पाकीट ढवळून पिणारे मी शेकड्याने पाहिलेत, त्याने तहान वाढते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिसांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलराच्या रुग्णांना वाचवलं, त्याला कमी लेखू नकोस. घरचं हवं तर लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. कंटाळा आला की कोकमाचं सरबत, मीठ घालून. खायला राजगिऱ्याचा लाडू, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. आणि पाय दुखतील म्हणून आधीच दुखण्याची गोळी घेऊ नकोस, सुकलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला जड जाते.

पायांचं थोडक्यात: अर्धा नंबर मोठा, वापरलेला बूट. नखं सरळ कापलेली. मांड्यांना व्हॅसलीन. टाच चुरचुरली की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी. "गेटवर बघू" म्हणशील तर गेटवर फोड दाखवशील.

माझं ऐकशील तर दोनच फेऱ्या कर आणि साडेदहाच्या आत बाहेर ये. घरी जेव, झोप. उरलेले सोळा-सतरा किलोमीटर पाचनंतर गोराई खाडीच्या बाजूला, वाऱ्यावर. एकाच दिवसात बेचाळीस झाले की नाही? अखंडच हवे असतील तर जानेवारीपर्यंत थांब, मीही येते. वरचे 195 मीटर 1908 च्या लंडन ऑलिम्पिकपासून चिकटलेत, ते घराच्या जिन्यात धरलेस तरी माझी हरकत नाही.

पहिली फेरी संपेल तेव्हा मी गेटवर सरबताचा थर्मास घेऊन बसलेली असेन. सरबत मिळण्याआधी बाराचा पाढा उलटा म्हणायचा. अडखळलास तर रिक्षा. आणि घरून पाठ करून येऊ नकोस, ऐन वेळी मी तेराचा विचारीन.

तुझी,
काकू