तक्ता वेगळा, टाळं वेगळं

प्रिय पोरी,

भारत एफसी या पुण्याच्या फुटबॉल संघावरचा तुझा मसुदा रात्री वाचला. सोबतच्या चिठ्ठीत विचारलंयस, "काका, एका मोसमात संपलेल्या संघाचा इतिहास तो काय लिहायचा? शेवटचा आला आणि बंद पडला, झालं." हे वाचून झोप उडाली माझी.

तक्ता वेगळा, टाळं वेगळं. गुणतक्त्यात संघ कितवा आला हे एक, आणि मालकांनी त्याला टाळं का लावलं हे दुसरं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

२०१४-१५ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या मुख्य फुटबॉल लीगमध्ये, अकरा संघ होते. कल्याणी समूहाचा हा पुण्यातला नवा संघ अकरावा आला, कबूल. पण खालच्या विभागात गेलं कोण? दहावा आलेला धेंपो! पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला गोव्याचा क्लब. भारत एफसीला कॉर्पोरेट संघ म्हणून थेट प्रवेश होता आणि अशा संघाला खाली पाठवायचं नाही असा नियम होता, त्यामुळे तो खाली जाणार नव्हताच. नियमाने वाचवलेला संघ मालकांनी बंद केला. शिलाँगचा रॉयल वाहिंगडोह तर तिसरा आला होता, तोही पुढच्या मोसमात दिसला नाही. पिरामलांचा पुणे एफसी २०१२-१३ ला उपविजेता, २०१५ नंतर तोही लीगमध्ये नाही. एफसी पुणे सिटी या पुण्याच्याच वेगळ्या संघाने २०१८ च्या मार्चमध्ये आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या दुसऱ्या लीगची, उपांत्य फेरी खेळली आणि २०१९ ला गाशा गुंडाळला. आता सांग, यात तक्त्याने कोणाला मारलं?

२०१४ च्या ऑक्टोबरात आयएसएल सुरू झाली. टीव्ही, सिनेतारे, जाहिराती सगळं तिकडे गेलं. मग आय-लीगवर कोटी कोटी घालणाऱ्याच्या हाती काय पडणार होतं? तिथे खण. प्रशिक्षक वॉटकिस यांच्या डावपेचांवर तू दोन पानं घालवलीस, टाळ्यावर चार ओळी. हे उलटं कर.

रागावलो असं समजू नकोस. बालेवाडीच्या रिकाम्या स्टँडचं वर्णन तू छान केलंयस. गोलकीपरने बचावपटूला हासडलेली शिवी वरच्या पायरीवर ऐकू यायची, हे अगदी खरं. मी तिथेच बसायचो. तिकिटाच्या पाठीवर गोलांची मिनिटं टिपायचो आणि तिकीट स्कूटरच्या डिकीत टाकायचो. एका पावसाळ्यात त्या सगळ्याचा लगदा झाला. हळहळ वाटते, पण तेव्हा जपायचं सुचणार कसं? काही महिन्यांच्या अंतराने त्याच मैदानावर पुण्याचे तीन व्यावसायिक संघ खेळत होते गं! एक गेला तर दोन आहेत, असंच वाटायचं. नंतर डीएसके शिवाजियन्स हा पुण्याचाच आणखी एक संघ आय-लीगमध्ये आला, तोही दोन मोसमांत गेला. माझंच चुकलं असं म्हणायला मी अजून तयार नाही.

बुधवारी संध्याकाळी वही घेऊन ये. दाखवायला माझ्याकडे कागद नाही, पण कुठल्या सामन्याला कोण कुठे बसायचं ते सांगता येईल. आणि येण्याआधी ते "शेवटचा आला आणि बंद पडला" खोड. त्यातला "आणि"सुद्धा.

तुझा,
काका