गावाकडच्या आजीला ऋतूप्रमाणे कुठली कागदी फुलं करायला द्यावीत?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आजी ७६ वर्षांच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, गावी राहतात. गुडघ्यांमुळे शेतात जाणं बंद झालंय आणि दिवस टीव्हीसमोर जातो. तुम्ही पुण्याहून कागदी फुलांचं तयार किट पाठवलं, सोबत व्हिडिओही पाठवले. आजींनी ते हात न लावता कपाटावर ठेवून दिलं.

मी तिकडच्याच बाजूला अंगणवाडी सेविका आहे. नातवंडांना सोडायला आलेल्या आज्या आमच्या ओट्यावर टेकतात आणि रंगीत कागदांचं सामान समोरच पसरलेलं असतं, म्हणून हे काम रोजच्या पाहण्यातलं आहे. तुमचं किट मी पाहिलेलं नाही, पण त्यात ट्युलिप किंवा चेरीच्या फुलांची डहाळी असणार, पैजेवर सांगते. आमच्याकडे एका आजीपुढे ट्युलिपचं चित्र ठेवलं, तर म्हणाल्या, "हे कोनतं फूल होय व माय? आपल्या इकडं होते काय हे?"

ज्या बाईचा जन्म कापूस निंदण्या-वेचण्यात गेला, तिला तिच्या शिवारात आत्ता जे फुललंय ते द्या. आणि ते कुठेतरी लागणार असेल तरच द्या. नुसता वेळ जावा म्हणून दिलेलं काम म्हाताऱ्या माणसाला पहिल्या मिनिटाला कळतं. "म्या काय लहान लेकरू आहो काय?" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

आता जुलै संपत आलाय, तेव्हा पोळ्यापासून सुरू करा. पोळा श्रावण अमावस्येला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे लेकरांचा तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवायला छोट्या फुलांच्या माळा लागतात. काम नातवंडांच्या मागणीवरून आलेलं असलं की आजी नाही म्हणत नाहीत.

यासाठी सगळ्यात सोपं फूल असं: पतंगी कागदाचे तळहाताएवढे चौकोन करायचे. कापायचे नसतील तर घडी घालून फाडले तरी चालतात, कडा उलट छान दिसतात. तीन-चार चौकोन एकावर एक, पण कोपरे एकमेकांवर न येतील असे ठेवायचे. मधोमध चिमटीत धरून मागून पीळ द्यायचा आणि दोऱ्याने बांधायचं. मग एकेक थर वर ओढून मोकळा करायचा. हा पीळ फुलवातीचाच आहे. देवापुढे रोज वाती वळणाऱ्या बाईला व्हिडिओ लागत नाही, पहिलं फूल हातात आलं की दुसरं ती तुमच्यापेक्षा चांगलं करते. कात्री नाही, डिंक नाही, त्यामुळे हात थरथरणाऱ्यांनाही जमतं.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. खऱ्या बैलांसाठी माळा करणार असाल तर तार, टाचणी, स्टेपलरची पिन काहीही वापरू नका. बैल एकमेकांच्या अंगावरचा कागद ओढून खातात. गुरं चावत न बसता गिळतात. तार पोटात गेली की दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात अडकते, तिथून आत टोचत जाते आणि जनावर दगावू शकतं. सगळं दोऱ्याने किंवा सुतळीने बांधा. बाजारात मिळणाऱ्या तयार माळांमध्ये सर्रास तार असते, तेव्हा हा मुद्दा आजोबांच्याही कानावर घाला.

पोळ्याच्या सुमारास कापसाला पात्या (कळ्या) आणि फुलं लागलेली असतात, आणि माझ्या मते आपल्या भागात करण्यासारखं सगळ्यात सुंदर कागदी फूल कापसाचंच. गंमत म्हणजे शहरातल्या कुणाला सांगितलं तर त्यांना कापसाचं फूल म्हणजे पांढरं बोंड वाटतं. खरं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. म्हणून एकाच डहाळीवर एक पांढरट आणि एक गुलाबी फूल लावायचं. तुमच्या आजींनी हे आयुष्यभर पाहिलंय, 'कालचं' आणि 'आजचं' फूल कोणतं हे त्याच तुम्हाला सांगतील. पाच रुंद पाकळ्या, एकीची कड दुसरीवर चढलेली. फूल पूर्ण उघडत नाही, पेल्यासारखं अर्धवट मिटलेलं राहतं. खाली तीन हिरवी, कातरलेल्या कडांची पानं. क्रेप कागद घेतलात तर त्याच्या सुरकुत्या पाकळीच्या लांबीत येतील असं कापा. मग दोन्ही अंगठ्यांनी मधला भाग हळूच बाजूंना ताणला की खोलगटपणा आपोआप येतो. सुरकुत्या आडव्या आल्या तर पाकळी नुसती लांब होते.

कापायचं काम लेकरांना आणि ताणायचं-वळायचं आजींना, अशी वाटणी केली तर दोघांचंही जमतं.

देठासाठी हिरवी तार विकत आणू नका. तुराटी आहे, पऱ्हाटी आहे, म्हणजे तुरीच्या आणि कापसाच्या वाळलेल्या काड्या. हिरव्या कागदाची पट्टी देठाला गुंडाळताना पट्टी फिरवायची नाही, एका हाताने ती ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने काडी फिरवायची. तुमच्या गावातल्या आजोबा मंडळींनी अंबाडीचे दोर वळलेले असतील, त्यांना हे काम फार आवडतं. फुलं करायला बसणार नाहीत, पण "काड्या द्या इकडं" म्हणतात.

पुढे भाद्रपदात गणपती आणि महालक्ष्म्या. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून मखराला कागद पुन्हा बरा दिवस दाखवतोय. महालक्ष्म्यांच्या मागे लावायला मोठी फुलं हवीत, तिथे घोटीव कागद घ्या. पतंगी कागद पावसाळ्याच्या दमट हवेत मरगळतो आणि दोन दिवसांत मान टाकतो. स्वस्त क्रेपचा रंगही ओल्या हाताला लागतो, तेव्हा नैवेद्याच्या ताटाजवळ तो नकोच.

दसऱ्याला कागदी झेंडू करू नका. खरा झेंडू ढिगाने येतो, त्यापुढे कागदाचा केविलवाणा दिसतो.

हिवाळ्यात वेचणी संपली की पऱ्हाटीवर बोंडांची रिकामी टरफलं राहतात, चार-पाच पाकळ्यांची, सुकलेली. ती जाळण्याआधी चांगल्या फांद्या बाजूला काढून ठेवा. त्या टरफलातच कागदाचा रंगीत गोंडा बसवला की फूल तयार, अर्धं काम झाडानेच केलेलं असतं. टरफलांची टोकं टोचतात, तेवढी आधी कुणीतरी घासून बोथट करून द्यावीत. मधुमेह असेल तर बोटांना संवेदना कमी असू शकते, टोचलेलं कळत नाही आणि जखम चिघळू शकते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस. पळसाला पानं तीन म्हणतात, पण फुलतो तेव्हा तीही नसतात, म्हणून कागदाची पानं करायची कटकट नाही. खरी वाळकी फांदी घ्यायची. नारिंगी कागदाची एक रुंद पाकळी मागे वळलेली, दोन अरुंद बाजूंना, आणि दोन एकमेकींना चिकटवून पुढे बाक दिलेला. देठाजवळची टोपी काळपट तपकिरी, मखमलीसारखी असते. जुन्या ब्लाउजचा काळा तुकडा तिथे कागदापेक्षा शोभतो. ही फांदी होळीपर्यंत ओसरीवर राहते.

लग्नसराईत बहावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, खऱ्या फुलांच्या माळा दुपारच्या पंगतीआधी करपतात, म्हणून मंडपात कागदाला मान आहे. दोऱ्यावर पिवळी पाच पाकळ्यांची फुलं ओवायची. वर उमललेली मोठी, खाली लहान होत जाणारी आणि टोकाला नुसत्या गोल कळ्या. बहाव्याचा घोस वरून खाली असाच उमलत येतो. ओवायला पोती शिवायचा दाभण द्या, त्याचं नाक चष्म्याशिवायही सापडतं. फक्त लेकरांच्या हाताबाहेर ठेवा.

आता आजींच्या हाता-डोळ्यांबद्दल. संधिवात असेल तर सकाळी बोटं आखडलेली असतात. कोमट पाण्यात हात शेकून थोड्या उशिराने बसवा. गुडघे दुखतात तर जमिनीवर पाट नको, खुर्ची आणि समोर स्टूल. स्टुलावर सूप ठेवा. सुपाच्या कडेमुळे पंख्याच्या वाऱ्याने पाकळ्या उडत नाहीत, खाली वाकून वेचाव्या लागत नाहीत. वयाबरोबर डोळ्यांतलं भिंग पिवळसर होत जातं, निळा आणि जांभळा वेगळा ओळखू येत नाही. पिवळा, नारिंगी, लाल नीट दिसतात. सुपात गडद कपडा अंथरून त्यावर फिके कागद ठेवा, गडद कागद असतील तेव्हा पांढरा कपडा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत थांबा. एरवीही रंग लागलेला हात डोळ्याला लावू नये म्हणून जवळ ओलं फडकं असू द्या.

चिकटवायला मैद्याची खळ पुरते, रोज थोडीच करायची. जुन्या पद्धतीत कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकत. ते विष आहे, घरात लेकरं असताना अजिबात नको. ठेवणीतल्या फुलांच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका. उंदरांसाठी डबा पत्र्याचाच हवा.

किट परत मागवू नका, त्यातला हिरवा आणि पिवळा कागद कामाला येईल. बाकी घोटीव आणि पतंगी कागद दारव्ह्याच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळून जावा. पांढरट आणि फिका गुलाबी क्रेप मात्र गावाकडे हमखास मिळत नाही, लाल-हिरवाच असतो. तो तुम्ही पुण्याहून पाठवा, पोळ्याच्या पंधरा दिवस आधी पोचेल असा. गुंडाळी दुमडू नका, पुठ्ठ्याच्या नळीत घालून पाठवा.