ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडते, पण ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणी आणि प्रमाणपत्रे तपासण्याचे साधन) पडताळणीत ‘एरर 20’ का देते?

बहुतेक वेळा सर्व्हर फक्त स्वतःचे प्रमाणपत्र (संकेतस्थळाची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) पाठवतो आणि त्याला मूळ (रूट) प्रमाणपत्राशी जोडणारे मधले, म्हणजे इंटरमीजिएट प्रमाणपत्र पाठवायचे राहून गेलेले असते, म्हणून ओपनएसएसएलला जारीकर्ता सापडत नाही. अनेक ब्राउझर हे प्रमाणपत्र आधीच्या साठ्यातून घेतात किंवा प्रमाणपत्रातच नोंदवलेल्या पत्त्यावरून आणतात. ओपनएसएसएल ते आपणहून शोधायला जात नाही. खात्रीसाठी ओपनएसएसएलच्या ‘एस_क्लायंट’ (s_client) या चाचणी-आज्ञेला सर्व्हरने पाठवलेली प्रमाणपत्रे दाखवणारा ‘शोसर्ट्स’ (-showcerts) पर्याय देऊन पाहावे: एकच प्रमाणपत्र दिसले, तर सर्व्हरच्या फाइलमध्ये आधी स्वतःचे आणि त्याखाली मधले प्रमाणपत्र जोडून सेवा रीलोड करावी. पडताळणीच बंद करणे हा उपाय नव्हे. मात्र प्रमाणपत्रांची साखळी पूर्ण दिसूनही एरर 20 कायम असेल, तर दोष बहुधा क्लायंटकडे असतो आणि त्याच्या विश्वासू साठ्यात रूट प्रमाणपत्र आहे का, हे तपासावे लागते.